'किलिंग जोक'ची अ‍ॅनिमेशन फिल्म: वाढवलेला अर्धा तास चुकीच्या टोकाला जोडला

शाईवेडा

(स्पॉयलर आहेत. कॉमिक आणि फिल्म, दोन्हींचा शेवट या धाग्यात उघड होणार आहे.)

'वॉचमेन'च्या २०२४ मधल्या अ‍ॅनिमेशनवर चर्चा चालू होती. तिथे कुणीतरी 'किलिंग जोक'चं नाव काढलं आणि पुढचे सगळे प्रतिसाद तिकडेच वाहवत गेले. त्या धाग्याचा विचका नको म्हणून हा वेगळा काढतोय.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'बॅटमॅन: द किलिंग जोक' हे १९८८ चं कॉमिक. लेखन अ‍ॅलन मूर, चित्रं ब्रायन बोलंड, रंग जॉन हिगिन्स. पानं जेमतेम ४८. जोकर अर्कम या मनोरुग्णालयातून पळतो आणि कमिशनर गॉर्डनच्या घरी येतो. गॉर्डन वहीत वर्तमानपत्राची कात्रणं चिकटवत बसलेला असतो. दार वाजतं, त्याची मुलगी बार्बरा उघडते आणि जोकर तिला गोळी घालतो. गोळी कण्यातून जाते. मग तो तिचे कपडे काढून फोटो घेतो, गॉर्डनला एका बंद पडलेल्या जत्रेत नेतो, भुताच्या गाडीत बसवतो आणि ते फोटो त्याला दाखवतो. का, तर शहाण्यातल्या शहाण्या माणसाला वेड लावायला एक वाईट दिवस पुरतो हे सिद्ध करायला. मधे मधे त्याचा स्वतःचा भूतकाळ येतो: न चालणारा विनोदी नट, गरोदर बायको, घरात पैशांची चणचण.

बार्बरा म्हणजे बॅटगर्ल. १९६७ पासूनचं पात्र. या गोष्टीत मात्र ती दार उघडते, कोसळते आणि पुढे एकदा हॉस्पिटलात शुद्धीवर येते, संपलं. तिच्यावर जे गुदरलं ते तिच्या बापाला आणि बॅटमॅनला हलवण्यापुरतं वापरलं आहे. या कॉमिकवरचा मोठा आक्षेप हाच, आणि मला तो रास्त वाटतो. खुद्द मूरनेही नंतर या कामाबद्दल नाराजी बोलून दाखवली आहे.

२०१६ मध्ये फिल्म आली. दिग्दर्शक सॅम लिऊ, पटकथा ब्रायन अझरेलोची, निर्मात्यांत ब्रूस टिम. लांबी ७६ मिनिटं. ४८ पानांत एवढा ऐवज नाही, म्हणून सुरुवातीचा जवळपास अर्धा तास नव्याने लिहिला, आणि तो बार्बराला दिला. हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण त्या अर्ध्या तासात होतं काय? पॅरिस फ्रान्झ नावाचा गुंड बॅटगर्लवर डोळा ठेवतो. बॅटमॅन तिला त्या प्रकरणातून बाजूला करतो. गच्चीवर दोघांची हाणामारी होते आणि तिचा शेवट शरीरसंबंधात होतो. मग तो तिला टाळायला लागतो, ती कुढत राहते, शेवटी फ्रान्झला जवळपास मरेस्तोवर बडवते आणि पोशाख परत करून मोकळी होते. त्यानंतर जोकर दार वाजवतो.

माझं म्हणणं असं, की अर्धा तास वाढवायचाच होता तर तो गोळीच्या नंतर हवा होता. बार्बराची खरी गोष्ट तिथून सुरू होते, आणि ती कुणाला नव्याने लिहायचीही गरज नव्हती. जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या जोडप्याने ती लिहून ठेवलेली आहे. १९८९ च्या सुरुवातीला 'सुइसाइड स्क्वॉड'मध्ये ऑरॅकल नावाची एक अज्ञात व्यक्ती कॉम्प्युटरवरून माहिती पुरवू लागली. ती बार्बराच होती, हे वाचकांना पुढे कळलं. फिल्मने हे सगळं श्रेयनामावलीच्या मधे काही सेकंदांत उरकलं: व्हीलचेअरवरची बार्बरा आपल्या गुप्त खोलीत शिरते, पडदे उजळतात, फिल्म संपली.

तुम्हाला काय वाटतं?

गॉथमकर

धागा चांगला काढलास, पण असहमत.

एक तर ही फिल्म ज्या दोन माणसांसाठी झाली त्यांचं नाव तुझ्या पोस्टमध्ये नाही. केव्हिन कॉनरॉय आणि मार्क हॅमिल. १९९२ च्या मालिकेपासून आमच्या पिढीच्या कानात बॅटमॅन आणि जोकर म्हणजे हेच दोन आवाज. हॅमिलने २०११ मध्येच जाहीर सांगितलं होतं की 'किलिंग जोक' करायला मिळालं तर मला हवंय. जोकर म्हणतो की भूतकाळ असायचाच तर तो अनेक पर्यायांतून निवडता यावा, ते वाक्य हॅमिलने ज्या थकव्याने म्हटलंय ते कॉमिकच्या फुग्यात ऐकू येत नाही. २०२२ मध्ये कॉनरॉय गेले. ही जोडी या गोष्टीत आपल्याला मिळाली याचं मोल मला त्या अर्ध्या तासाच्या वादापेक्षा जास्त आहे.

दुसरं, बार्बरा सज्ञान आहे. तिचे आणि बॅटमॅनचे संबंध दाखवले म्हणून एवढा गहजब कशाला? उलट त्यामुळे पुढचा सूड त्याच्यासाठी वैयक्तिक होतो.

तिसरं म्हणजे ऑरॅकल शेवटी जोडलं तर शेवटी बॅटमॅन आणि जोकर पावसात एकत्र हसतात, त्या हसण्याचं काय होईल? ती गोष्ट तिथेच संपली पाहिजे. त्यापुढे एक मिनिटही नको.

निळी दौत

गॉथमकर, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर बोलते. सज्ञान आहे, कबूल. पण संबंध दाखवल्यामुळे सूड वैयक्तिक होतो, हे फिल्ममध्ये दिसतं कुठे? हॉस्पिटलचा प्रसंग पुन्हा पाहा. बॅटमॅन तिच्या खाटेशी उभा आहे, ती घाबरून वडिलांबद्दल सांगते आहे. संवाद जवळपास कॉमिकचेच. अर्ध्या तासापूर्वी या दोघांत जे घडलं त्याचा मागमूस नाही, ना तिच्या बोलण्यात, ना त्याच्या. म्हणजे नवा भाग लिहिणाऱ्यांनी तो जुन्या भागात मुरवलाच नाही. दोन वेगळ्या फिल्म एकामागे एक लावल्या. तो प्रसंग काढून टाकला तर पुढचं एकही वाक्य बदलावं लागत नाही. मग तो होता कशासाठी?

आणि त्या अर्ध्या तासात बार्बराला स्वतःचं काय हवं आहे ते शोधून दाखवा. लायब्ररीत काम करते, तिथल्या मित्राशी बोलते, ते कुणाबद्दल? त्याच्याबद्दलच. चिडते कुणावर? त्याच्यावर. गुंड पकडायची ईर्षा आहे, ती कुणाला दाखवायला? पुन्हा त्यालाच. तीस मिनिटं पडद्यावर आहे आणि प्रत्येक मिनिट दोन पुरुषांपैकी कुणाच्या तरी वागण्याला उत्तर देण्यात जातं. कॉमिकमध्ये निदान ती कोऱ्या पाटीसारखी होती, वाचक आपली जुनी बार्बरा तिच्यात भरू शकत होता. इथे तीही सोय गेली.

अजून एक जागा. कॉमिकमध्ये जोकर तिच्याशी नेमकं काय वागला हे पूर्ण सांगितलेलं नाही, आणि त्यावरून वाचक अनेक वर्षं वाद घालत आहेत. फिल्ममध्ये बॅटमॅन काही वेश्यांकडे चौकशी करतो तो प्रसंग नव्याने घातला. जोकर सुटला की आधी आमच्याकडे येतो, या वेळी आला नाही, दुसरी कुणी मिळाली असेल, अशा अर्थाचं त्या बोलतात. एका ओळीने तो सगळा प्रसंग बलात्काराच्या बाजूला झुकतो. एवढी मोठी गोष्ट सुचवायची आणि पुढे तिच्याकडे वळूनही बघायचं नाही, हे मला सहन होत नाही.

जर्सीकर

अमेरिकेत ही थेटरात ठराविक खेळांपुरतीच लागली होती, जुलै २०१६ च्या शेवटी. आधी सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनला दाखवली, मग हे खेळ, मग घरी बघायला. मी थेटरात पाहिली. फिल्मच्या आधी हॅमिलची एक छोटी फीत होती, जोकरचा आवाज कसा सापडला वगैरे. हॉल खचाखच भरलेला, बॅटमॅनचे टीशर्ट, टाळ्या, शिट्ट्या. गच्चीचा प्रसंग आला तेव्हा आमच्या रांगेत लोक एकमेकांकडे बघायला लागले. पुढे जोकरचं गाणं सुरू झालं तेव्हा हॉल परत ताळ्यावर आला. निळी दौत म्हणतात ते खरं आहे, दोन फिल्म लागल्यासारखंच वाटलं. लोक दुसरीसाठी आले होते.

आर, म्हणजे मोठ्यांसाठीचं, रेटिंग मिळालेली ही बॅटमॅनची पहिली अ‍ॅनिमेशन फिल्म. त्यामुळे आता हातचं न राखता दाखवतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या मोकळीकीचा वापर कुठे झाला, तर गच्चीवर.

रेघोटी

मी अ‍ॅनिमेशनमध्ये काम करते, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने.

बोलंडची रेघ अ‍ॅनिमेशनला न झेपणारी आहे. जोकरच्या चेहऱ्यावर त्याने ज्या बारीक रेघांनी सुरकुत्या, दात, हिरड्या काढल्या आहेत ना, त्या एका चित्रात आठवडाभर बसून काढता येतात. आमच्याकडे सेकंदाला २४ फ्रेम. दोन-दोन फ्रेम एकच चित्र धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं. शिवाय तेच पात्र अनेक हातांनी काढायचं असतं, म्हणून मॉडेल शीटवर (पात्र कसं काढायचं त्याच्या नमुन्यावर) रेघा कमी कराव्याच लागतात. रेघ कमी झाली की बोलंडचा जोकर जातो आणि नेहमीचा कार्टूनचा जोकर उरतो. त्यासाठी मी सॅम लिऊंना दोष देणार नाही. त्या बजेटमध्ये, त्या मुदतीत दुसरं काही शक्य नव्हतं.

पण दुसरं एक शक्य होतं आणि ते केलं नाही. कॉमिकची बांधणी पाहा. पहिल्या पानावर पाऊस, डबक्यात पडणारे थेंब, पाण्यावरची वर्तुळं. शेवटच्या पानावर तीच वर्तुळं. वर्तमानातून भूतकाळात जाताना आणि परत येताना माणसाची पोझ तशीच राहते, आजूबाजूचं जग बदलतं. एका चौकटीत हात जसा पुढे केलेला असतो तसाच पुढच्या चौकटीत, फक्त माणूस आणि काळ वेगळा. मूरने हे शब्दात सांगितलेलं नाही, डोळ्यांना करायला लावलं आहे. सिनेमाला तर हे सहज जमतं, जुळवून केलेला कट म्हणजे सिनेमाची बाराखडी. आणि फिल्मची सुरुवात त्या पावसाने होतच नाही, कारण तिथे फ्रान्झचा पाठलाग आहे. पाऊस येतो अर्ध्या तासानंतर. आरंभ आणि शेवट जुळवणारी गोष्ट मधूनच सुरू केली.

त्यामुळे शाईवेडा, तुमचा मुद्दा निम्माच पटतो. आधी जोडलं ते चूक, हे मान्य. पण नंतर जोडलं असतं तरी ते वर्तुळ मोडलंच असतं. शेवटची चौकट पाहा: पोलिसांच्या गाडीच्या दिव्यांची तिरीप ओल्या जमिनीवर पडलेली आहे, मग हसू थांबतं, तिरीप विझते, नुसता पाऊस उरतो. जोकरच्या शेवटच्या विनोदात दोन वेडे असतात, एक दुसऱ्याला सांगतो की मी दोन इमारतींच्या मधे विजेरीचा झोत टाकतो, त्यावरून चालत ये. दुसरा म्हणतो, अर्ध्यात आलो की तू बंद करशील. ती तिरीप म्हणजे तोच झोत आहे. यापुढे एकही दृश्य नको, इथे मी गॉथमकरांच्या बाजूने.

गॉथमकर

रेघोटीताई, हा विजेरीचा मुद्दा अफाट आहे. मी हे कॉमिक इतक्यांदा वाचलंय आणि ती तिरीप नुसतीच तिरीप म्हणून बघत आलो.

शेवटाबद्दल कॉमिक्स-लेखक ग्रँट मॉरिसनने २०१३ मध्ये एका पॉडकास्टवर म्हटलं होतं की बॅटमॅन तिथे जोकरला मारतो, म्हणून हसू थांबतं. मला ते पटत नाही. गॉर्डनने नुकतंच बजावलेलं असतं की त्याला कायद्याने पकड. त्या शब्दाला काही किंमत ठेवायची असेल तर बॅटमॅन मारणार नाही.

वेताळभक्त

मंडळी, मी जुन्या पिढीचा. इंद्रजाल कॉमिक्समधला मराठी बोलणारा वेताळ वाचत वाढलो. ही फिल्म नातवाबरोबर बसून बघायला गेलो आणि सुदैवाने आधी त्याच्या आईने रेटिंग बघितलं. नंतर एकट्याने पाहिली.

गॉथमकरांनी गॉर्डनचं नाव घेतलं, तेवढ्यावरच लिहितो. सगळे जोकर आणि बॅटमॅनबद्दल बोलतात, आता बार्बराबद्दल बोलताय ते योग्यच. पण या गोष्टीत जोकरचा सिद्धांत खोटा पाडतो कोण? बॅटमॅन नाही, त्याचं डोकं तर केव्हाच फिरलंय, वटवाघळाचा वेश घालून हिंडतो. खोटा पाडतो तो म्हातारा. मुलीचे तसले फोटो बघून, नागवा करून पिंजऱ्यात बसवल्यावरसुद्धा तो म्हणतो, त्याला कायद्याने आण, आपली पद्धत चालते हे त्याला दिसलं पाहिजे. माणसाला एवढं छळल्यावर तोंडून हे निघणं ही या गोष्टीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे. फिल्ममध्ये रे वाइज यांनी गॉर्डनचा आवाज दिला आहे आणि तो प्रसंग मला फार भिडला.

चाकांवरची

काका, गॉर्डनबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनापासून पटलं. आणि नेमकं तिथेच माझं दुखणं आहे.

मी व्हीलचेअर वापरते. बार्बराला गोळी लागते याचा मला राग नाही. वाईट गोष्टींत वाईट घडतं. मला राग आहे तो पुढच्या हिशेबाचा. गॉर्डनवर एक वाईट दिवस आला आणि तो शाबूत राहिला, म्हणून जोकर हरला. जोकरवर एक वाईट दिवस आला आणि तो मोडला. बॅटमॅनवर आला आणि तो बॅटमॅन झाला. तिघांच्या वाईट दिवसांची तुलना हा या गोष्टीचा गाभा. मग त्या दिवसाचा सर्वांत मोठा घाव जिने झेलला तिचं काय झालं? ती मोडली की उभी राहिली? तिला कुणी विचारतच नाही. जोकरच्या सिद्धांताला सर्वांत जोरदार उत्तर तीच देऊ शकली असती.

ऑस्ट्रँडर आणि येल यांना हेच खुपलं होतं, म्हणून त्यांनी ऑरॅकल उभी केली. १९९६ मध्ये त्यांनी 'बॅटमॅन क्रॉनिकल्स'च्या ५ व्या अंकात 'ऑरॅकल: इयर वन, बॉर्न ऑफ होप' लिहिली, चित्रं ब्रायन स्टेलफ्रीझची. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी वाचा, काही पानांचीच आहे. हॉस्पिटलमधला राग आहे, व्यायामाचा कंटाळा आहे, घराबाहेर पडायची भीती आहे. मग ती रिचर्ड ड्रॅगनकडून बसल्या जागेवरून काठ्यांनी लढायला शिकते. त्या काठ्या मला फार आवडतात. तिला बरं करत नाहीत, चालवत नाहीत. ती जशी आहे त्या शरीराने काय करता येईल ते शिकते. पुढे 'बर्ड्स ऑफ प्रे'मध्ये तीच साऱ्या कामगिरीची सूत्रधार असते. १९९७ मध्ये किम येल कॅन्सरने गेल्या. त्यांनी केवढं काम करून ठेवलं हे या फिल्मच्या चर्चेत फार कमी लोक सांगतात.

२०११ मध्ये डीसीने (बॅटमॅनच्या प्रकाशकांनी) सगळ्या मालिका नव्याने सुरू केल्या तेव्हा बार्बरा पुन्हा चालायला लागली आणि बॅटगर्ल झाली. अनेकांना आनंद झाला. माझ्यासारख्या अनेकींचं मात्र एक माणूस हिरावलं गेलं. आपल्यासारखी दिसणारी, आणि सगळ्यांत हुशार, अशी पात्रं तिथे होती किती?

म्हणून शाईवेडा, श्रेयनामावलीतली ती खोली दिसली तेव्हा मी आधी सुखावले, आणि फिल्म तिथेच संपली तेव्हा खूप चिडले.

शाईवेडा

ताई, तुमचा हा प्रतिसाद मुख्य धाग्यात वर चिकटवायला हवा. तीन वाईट दिवसांची तुलना आणि चौथ्याचा विसर, हे मला असं मांडता आलं नव्हतं.

उत्तररात्र

मला एक विचारायचं आहे, आणि खरंच प्रामाणिक प्रश्न आहे. त्याच १९८८ मध्ये डीसीने जेसन टॉडला, म्हणजे बॅटमॅनचा साथीदार असलेल्या दुसऱ्या रॉबिनला, मारलं. तेही वाचकांकडून फोनवर मतं मागवून. ५,३४३ जणांनी मारा म्हटलं, ५,२७१ जणांनी वाचवा. ७२ मतांनी पोरगा गेला. जोकरने त्याला पहारेने बडवलं होतं. तिथेही त्या मुलाचा मृत्यू बॅटमॅनच्या दुःखासाठीच वापरला. मग बार्बराबद्दलच एवढा आक्षेप का?

निळी दौत

चांगला प्रश्न. एक उत्तर असं की बार्बरा एकटी नाही, रांग आहे. १९९४ च्या 'ग्रीन लँटर्न'मध्ये नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलं, त्यावरून लेखिका गेल सिमोनने १९९९ मध्ये कॉमिक्समधल्या अशा बायकांची यादीच केली. बार्बरा त्या यादीत आहे. एकेकटी गोष्ट घेतली तर प्रत्येकीचं समर्थन करता येतं, रांग पाहिली की जमत नाही. २०१५ मध्ये 'बॅटगर्ल'च्या ४१ व्या अंकाच्या एका मुखपृष्ठावर रडवेली बार्बरा आणि तिच्या खांद्यावरून पिस्तूल घेऊन हात टाकलेला जोकर होता. ती मालिका तेव्हा मुलींसाठी हलकीफुलकी चालली होती. वाचकांनी आक्षेप घेतला आणि चित्रकार राफाएल अल्बुकर्क यांनी स्वतःच ते मागे घ्यायला सांगितलं. फिल्म त्यानंतर वर्षभराने आली. म्हणजे वाचकांना काय खुपतंय हे सगळ्यांना माहीत होतं.

शाईवेडा

उत्तररात्र, जेसनचं नाव काढलंस ते बरं झालं. माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही.

'अंडर द रेड हूड' पाहिलीस का? २०१० ची, तीच कंपनी, तीच मालिका, दिग्दर्शक ब्रँडन व्हिएटी, लेखन जड विनिकचं. तिथे जोकरची मारहाण पहिल्या काही मिनिटांत उरकते. उरलेली सगळी फिल्म जेसन जिवंत होऊन परत आल्यानंतरची आहे. शेवटच्या खोलीतला प्रसंग आठव. जेसनने जोकरला धरून ठेवलंय, समोर बॅटमॅन. जेसन म्हणतो, मला वाचवू शकला नाहीस त्याबद्दल मी तुला माफ केलं, पण हा अजून जिवंत का आहे? बॅटमॅन नेहमीचं उत्तर देतो, की एकदा मारलं की मागे फिरता येणार नाही. जेसन म्हणतो, मी पेंग्विन किंवा स्केअरक्रोबद्दल बोलत नाहीये, फक्त याच्याबद्दल बोलतोय, कारण याने मला तुझ्यापासून तोडलं. त्या पोराचा आवाज तिथे फुटतो.

ज्याच्यावर अत्याचार झाला तो परत येऊन थेट विचारतो, आणि बॅटमॅनकडे पुरेसं उत्तर नसतं. डीसीच्या अ‍ॅनिमेशनमधली ही मला सर्वांत जोरदार फिल्म वाटते ती याच कारणाने. जेसनला बोलायला तासभर मिळाला. बार्बराला गोळीनंतर काही वाक्यं. म्हणजे या लोकांना हे येत नव्हतं असं नाही. 'किलिंग जोक'च्या फिल्मआधी सहा वर्षं करून दाखवलं होतं.

गॉथमकर

'रेड हूड'बद्दल शंभर टक्के सहमत. तरी रेघोटीताईंनी मांडलेला पेच उरतोच. ती मूळ कथाच जेसनच्या परत येण्याची आहे. 'किलिंग जोक' तशी नाही. ती दोन वेड्यांची गोष्ट आहे, तिला ऑरॅकलची शेपूट लावली तर ना धड ही राहील ना ती. बार्बरावर अन्याय झाला असेल, पण त्यासाठी त्या ४८ पानांचा आकार मोडायला मी तयार नाही.

रेघोटी

यातून वाट आहे. २०१० पासून डीसीने शोकेस नावाच्या छोट्या फिल्म काढल्या होत्या, मोठ्या फिल्मच्याच डिस्कवर यायच्या. 'बॅटमॅन: इयर वन' फिल्मच्या डिस्कवर कॅटवुमनची होती, पंधरा मिनिटांच्या आसपास. तसंच इथे करायचं. 'किलिंग जोक' जेवढी आहे तेवढीच ठेवायची, पन्नासएक मिनिटं, पावसाने सुरू, पावसाने बंद. आणि सोबत 'बॉर्न ऑफ होप' वेगळी फिल्म म्हणून. लांबीही भरली असती, दोन्ही गोष्टी आपापल्या पायावर उभ्या राहिल्या असत्या. कामाच्या दृष्टीने सांगते, बार्बराचं मॉडेल, गॉर्डनचं घर, हॉस्पिटल हे सगळं मोठ्या फिल्मसाठी तयार होतंच. फ्रान्झच्या अर्ध्या तासासाठी नवी पात्रं, गाड्या, पाठलाग रचायला जे कष्ट पडले असतील त्याहून हे कमी पडले असते.

आणि त्या काठ्यांच्या सरावाचं अ‍ॅनिमेशन करायला मला अजूनही आवडेल. बसलेल्या माणसाची लढाई कुणी नीट केलेलीच नाही. उभ्या माणसाचा जोर टाचेपासून, कमरेतून येतो. बसलेल्याचा खांद्यातून आणि पाठीतून. वजन कुठे पडतं, चाक कधी अडवायचं, वळताना खुर्ची किती सरकते, हे सगळं नव्याने बघून काढावं लागेल.

चाकांवरची

रेघोटी, डावा हात चाकावर आणि उजव्यात काठी. दोन्ही हात मोकळे सोडले तर पहिल्या फटक्याला खुर्ची मागे जाते. ब्रेक लावला तर वळता येत नाही. काढायला बसशील तेव्हा विचार, दाखवते.

शोकेसची कल्पना मला पूर्ण मान्य.

गॉथमकर

मलाही. त्यात माझी पन्नास मिनिटं शाबूत राहतात. पण तिचा आवाज टारा स्ट्राँगचाच हवा, फिल्ममध्ये होता तोच. गोळीनंतर तिच्या वाट्याला जी थोडी वाक्यं आली ती तिने जीव ओतून म्हटली आहेत.

नवखी

मी यातलं काहीच वाचलेलं किंवा पाहिलेलं नाही. बॅटमॅन म्हणजे फक्त नोलनचे सिनेमे. धागा वाचून उत्सुकता वाटली. सुरुवात कुठून करू?

चाकांवरची

आधी कॉमिक वाच, फिल्म नको. शक्य असेल तर दोन्ही रंगांतलं बघ. १९८८ चे हिगिन्सचे जांभळे-केशरी भडक रंग आणि २००८ च्या आवृत्तीत बोलंडने स्वतः केलेले मवाळ रंग, गोष्ट एकच पण वाचताना अंगावर वेगळी येते. माझी पसंती जुन्या भडक रंगांना. तो प्रसंग वाचायला जड जाईल, एका बैठकीत झालं नाही तरी चालेल. मग लगेच 'बॉर्न ऑफ होप'. मधे दुसरं काही वाचू नको.

शाईवेडा

त्यानंतर 'अंडर द रेड हूड' फिल्म, आणि सर्वांत शेवटी 'किलिंग जोक'ची फिल्म.

गॉथमकर

फिल्म रात्री आणि चांगल्या हेडफोनवर. पहिला अर्धा तास वगळून पाहिलीस तरी माझी हरकत नाही.

निळी दौत

वगळू नको गं, बघ. आणि बघितल्यावर इथे येऊन लिही, बार्बराला त्यात स्वतःचं असं काय हवं होतं ते तुला सापडलं का. मला अजून सापडलेलं नाही, आणि कुणाला सापडलं तर ऐकायची खरंच इच्छा आहे.